झील मोठी केली की शाहीरच गायब होतोय

डफवेडा:
मंडळी मदत करा. घरीच पोवाडा रेकॉर्ड केलाय, शिवजयंतीला सोसायटीत वाजवायचाय. शाहीर मीच आणि झीलकरी (मागे झील, म्हणजे कोरस धरणारा) पण मीच, कारण येतो म्हणालेले दोघे मित्र ऐनवेळी पळाले. मग "जी जी रं जी" एकदाच गायलो, ट्रॅकच्या चार कॉप्या केल्या, दोन डावीकडे दोन उजवीकडे. तरी कोरस वाटतच नाही, एकच माणूस जोरात ओरडतोय असं वाटतं आणि माझा मेन आवाज खाली दबतो. रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) वापरतोय, कंडेन्सर माइक एकच, खोलीत गोधड्या टांगल्यात. काय चुकतंय?

रात्रीचा_रियाज:
कॉपीतच घोळ आहे भाऊ. तोच आवाज दोन्हीकडे सारखा टाकला की ऐकू मधोमधच येतो, वर एका बाजूच्या दोन सारख्या कॉप्या मिळून आवाज ६ डीबी (डेसिबल) वाढतो, मग शाहीर दबणारच. चार वेळा खरंखुरं गा. दोनदा माइकजवळ, दोनदा पार दाराशी उभं राहून, एखाद्या वेळी नाकात, एखाद्या वेळी म्हाताऱ्यासारखं, घरचे हसले तर हसू दे. मग चारही एका बसमध्ये (एकत्र ट्रॅकमध्ये) घेऊन २०० हर्ट्झच्या खालचं हाय पास फिल्टरने काढ आणि ३ किलोहर्ट्झच्या आसपास ३ डीबी कमी कर, शब्द तिथंच कळतात, ती जागा शाहिराची. रिव्हर्ब (घुमारा) झीलेला जास्त, शाहिराला जेमतेम.

जुना_ढोलकीवाला:
वरचं बरोबर, पण आधी मांडणी बघा. झील शाहिराची ओळ संपता संपता उचलायची असते, तेवढ्यात तो दम घेतो. तुम्ही ओळीच्या मधेच घुसवली असेल तर ईक्यू (वरची ती हर्ट्झची काटछाट) काय करणार? शेवटच्या शब्दावर झीलेचा फेडर (आवाज कमीजास्त करायची पट्टी) जरा खाली ओढा, शब्द संपला की सोडा. आणि कोणी एक कॉपी २० मिलीसेकंद मागे सरकवायला सांगेल, ते नको. सोसायटीचा स्पीकर बहुतेक मोनो (डावं-उजवं एकत्र करून वाजवणारा) असतो, त्यावर तो आवाज पिंपात गायल्यासारखा येतो. मिक्स मोनो करून फोनवर ऐकाच.

डफवेडा:
मोनोत ऐकलं, लाज वाटली. काल परत गायलो, दोन टेक माझे, दोन आईचे. तिची पट्टी वरची निघाली म्हणून ती एक सप्तक वर गायली आणि आता झील एकदम वेगळी उठते. फक्त तिच्या दुसऱ्या टेकमध्ये मागे कुकरची शिट्टी आलीय, बरोब्बर समेवर. काढू की ठेवू?

रात्रीचा_रियाज:
समेवर आहे ना, मग ठेव 😄