तुम्ही मत दिलंत, पुढे काय झालं? नाशिककरांनो, लिहा

२०२७ च्या सिंहस्थाची कामं निघाली आहेत. रस्ते, घाट, झाडं... अशा प्रत्येक गोष्टीवर कधी ना कधी ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात. ‘विकसित महाराष्ट्र २०४७’साठीही राज्याने लोकांची मतं मागवली होती. आपल्याला विचारलं जातं. विचारल्यावर आपण काय केलं आणि त्याचं काय झालं, हे मात्र आपण एकमेकांना सांगत नाही. स्वतः अनुभवलेलंच लिहा, फसलेलंही लिहा.

सुरुवात मी करते. आमच्याकडच्या प्रारूप विकास आराखड्यात, म्हणजे कुठे रस्ता, कुठे मैदान ते ठरवणाऱ्या कच्च्या नकाशात, मैदानाच्या आरक्षणातून रस्ता दाखवला होता. हरकतीला ३० दिवस असतात. त्यातले २० दिवस आमचे नुसत्या चर्चेत गेले. मग शेजारचे निवृत्त आरेखक काका म्हणाले, “रागाचं पत्र नको. सर्व्हे नंबर लिहा, नकाशाची प्रत जोडा आणि रस्ता कुठून न्यायचा ते पेन्सिलीने आखून द्या.” आम्ही ४१ जणांनी वेगवेगळे अर्ज दिले आणि प्रत्येकाने पोच घेतली. सुनावणीत आम्हाला एकच प्रश्न विचारला गेला, “मग रस्ता कुठून?” उत्तर हातातच होतं. रस्ता सरकला. मैदानाचा एक कोपरा गेला, त्याची हळहळ अजून आहे.

पेठ तालुक्यातून

ताई, आमच्याकडे पाऊस धो धो पडतो आणि मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसतो. आमचं गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणाऱ्या कायद्यात येतं. त्यामुळे आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के अबंध (कशावर खर्चायचा ते वरून न ठरलेल्या) निधीतून काय करायचं ते ग्रामसभा ठरवते. पुरुषमंडळींच्या मनात सभामंडप होता. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तिथे आम्ही पाण्याच्या टाकीचा ठराव लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभामंडपाचं सुरू झालं. मी उभी राहिले, पाय लटपटत होते. एवढंच म्हटलं, “कालचा ठराव वाचून दाखवा.” ग्रामसेवकांनी वाचला. सभा गप्प झाली. टाकी झाली. उन्हाळ्यात माझी मुलगी आता पहाटे हंडा घेऊन जात नाही.

निफाडकडून

आमचा अनुभव उलटा. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतले जे कमी तेवढे हजर लागतात. २ ऑक्टोबरला तीसेक आले, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती, म्हणजे ही किमान हजेरी, लागत नाही. पुढच्या वेळी १७ जणांत वर्षाचा आराखडा मंजूर झाला. मी त्या दिवशी द्राक्षबागेत छाटणीला होतो. वस्तीचा रस्ता यादीत नव्हता आणि मला बोलायला तोंड नव्हतं.

कॉलेज रोड

मी १९ वर्षांची. मतदार नोंदणीला आता वर्षात चार अर्हता तारखा असतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर; म्हणजे त्या तारखेला १८ पूर्ण असावी लागतात. १७ पूर्ण झाले की आगाऊ अर्जही करता येतो. हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत बसून २६ जणींचे सहा नंबरचे फॉर्म भरले.

सातपूर

२०४७ साठीची मतं मी आणि वडिलांनी मिळून भरली. वडील ३० वर्षं कंपनीत कंत्राटी होते. ते एकेक प्रश्न दोनदा वाचायला लावायचे, विचार करून उत्तर द्यायचे. नंतर रोज विचारायचे, “काही आलं का रे?” काहीच आलं नाही. त्यांना काय सांगू?

— दादा, माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘आमच्या मताचं काय केलं’ असं विचारू नका, कागद मागा. नाशिक जिल्ह्यातून किती मतं आली आणि त्यावर अहवाल झाला असेल तर त्याची प्रत.

— सातपूर: ताई, आज अर्ज दिला. सही वडिलांचीच आहे. पोच त्यांनी कपाटात रेशनकार्डाजवळ ठेवलीय. उत्तर आलं की इथेच लिहितो.