शोक करणाऱ्याला ‘यात देवाची योजना आहे’ असं म्हणावं का?

नगरवाला
आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंचा नवरा नुकताच गेला. दोन शाळकरी मुलं, घराच्या कर्जाचे हप्ते चालू. भेटायला येणारा जो तो म्हणत होता, ‘ताई, खचू नका, यात देवाची काहीतरी योजना आहे.’ माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य अशा घरात बोलू नये. त्यांचा विश्वास टिकावा असं वाटत असेल तर मुळीच बोलू नये.

बायबलमधला ईयोब हा नीतिमान माणूस सगळं गमावून बसला तेव्हा त्याचे तीन मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. नंतर ते त्याच्या दुःखाची कारणं सांगायला लागले, आणि शेवटी ४२व्या अध्यायात देवाचा राग त्यांच्यावरच निघाला: माझा सेवक ईयोब यथार्थ बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत. ईयोबाने तर आपल्या जन्मदिवसाला शाप दिला होता, देवाकडे जाब मागितला होता! पण मागितला तो देवाकडेच. बायबलमधलं स्तोत्र ८८ काढून बघा, ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची ओळ नाही. तरीही ते आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. मग आपल्या मंडळीत रडणाऱ्याला ‘विश्वास कमी पडला’ असं का ऐकवतात?

वचनप्रेमी
जय ख्रिस्त, दादा. तुमची कळकळ समजते, पण मी सहमत नाही. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे बायबलमधल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौलाने लिहिलं. त्याने पाच वेळा एक कमी चाळीस फटके खाल्ले होते, तीनदा त्याचं जहाज फुटलं होतं. त्याच्या तोंडचं हे वाक्य कोरडं कसं म्हणायचं?

पंडिता रमाबाईंचंच बघा. आईवडील दुष्काळात गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. जुलै १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी पुरं केलं. देवाचा हात आपल्या आयुष्यावर आहे ही खात्री नसती तर हे झालं असतं? आणि ईयोबाचं म्हणाल तर, वावटळीतून देव बोलला तेव्हा त्याने धूळराखेत बसून पश्चात्ताप केला, तेही त्याच ४२व्या अध्यायात आहे. तक्रारीतच मुक्काम ठोकला तर मन कडू होतं. तशी घरं मी पाहिली आहेत, त्यांतली काही उपासनेला यायची थांबली.

नगरवाला
पौल ते स्वतःच्या जखमांवरून बोलला, रमाबाईही स्वतःच्याच. दुसऱ्याच्या जखमेवर बोट ठेवून ‘यात कल्याण आहे’ म्हणणं वेगळं. त्याच पत्रात पुढे १२व्या अध्यायात पौल काय सांगतो? शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. त्यांना अन्न दिलं, अंगावर कापड दिलं, हाताला काम शिकवलं.

वचनप्रेमी
आणि प्रार्थनाही शिकवली, दादा. ते गाळू नका. तुम्ही म्हणता त्याच अध्यायात तीन ओळी आधी ‘आशेने हर्षित’ राहायला आणि संकटात धीर धरायलाही सांगितलं आहे.

वसईची लेक
मी कॅथलिक आहे, मध्येच बोलते. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा माझ्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्द फुटत नव्हता. शेजारच्या बायका संध्याकाळी येऊन रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायच्या, मी नुसते मणी ओढायचे. मला कोणी योजना सांगितली नाही आणि तक्रार कर असंही सांगितलं नाही. माझा विश्वास तेव्हा त्या बायकांनी सांभाळला. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत आतल्या अंधाराबद्दल किती लिहिलंय! देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं, अशी कितीतरी वर्षं गेली, तरी त्या रोज मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात होत्या, आजाऱ्यांजवळ जात होत्या. मन साथ देत नाही तेव्हा पाठ असलेले शब्द माणसाला धरून ठेवतात, असं मला वाटतं.

वचनप्रेमी
ताई, तुमच्या आईसाठी वाईट वाटलं. पण मन नसताना म्हटलेल्या शब्दांवर माणूस किती दिवस काढणार, ही शंका मला आहेच.

कोल्हापूरकर
इतकी चर्चा झाली, पण त्या बाईंच्या हप्त्याचं कोणी विचारलं का? बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६: रोजच्या वाटपात आमच्या विधवांची हयगय होते अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना विश्वास वाढवा असं सांगितलं नाही, सात माणसं नेमली. नवऱ्याचा विमा होता का, कर्जाला विमा जोडलेला होता का, मुलांची फी कोण भरणार? मंडळीच्या पंचकमिटीपुढे आधी हे ठेवा. घरी येणारा माणूस कामाचा आहे हे दिसलं, तर त्याने उघडलेलं वचनही त्या ऐकतील.

वचनप्रेमी
हे शंभर टक्के मान्य, माझ्याकडूनही मदत धरा. तरी पुनरुत्थानाची आशा कोणीतरी बोलून दाखवलीच पाहिजे. थेस्सलनीकाकरांस पत्रात पौल शोक करू नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. आपण गप्पच राहिलो तर त्यांना ते कोण सांगणार?

नगरवाला
त्या विचारतील तेव्हा सांगू, आणि तेव्हा तुम्हीच या बोलायला, कारण तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं जमेल. काल त्यांनी मला एवढंच विचारलं, की बँकेत मृत्यूचा दाखला मूळ लागतो की प्रत चालते. सोमवारी मी त्यांच्याबरोबर जातोय. विम्याच्या कागदांतलं कळणारं कोणी असेल तर कृपया इथेच सांगा.