८ मार्चच्या कार्यक्रमाचा विषय : अमेरिकेतल्या बायकांची चळवळ

शुभदाताई : ८ मार्चला अमेरिकेतल्या बायकांच्या चळवळीवर मी बोलणार आहे. काही सुचवायचं असेल तर सांगा.

देशपांडे काका : सेनेका फॉल्सपासून सुरुवात करा. तिथली १८४८ ची बायकांच्या हक्कांची परिषद, मताधिकाराचा ठराव. तिथून थेट बायकांना मत देणाऱ्या १९२० च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत या.

शुभदाताई : काका, ते येईलच. पण नुसतं तेवढंच सांगितलं तर मत मिळेपर्यंत बायका घरात बसून होत्या असं वाटतं, आणि मला ते खोडून काढायचंय. शिकागोत जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये हल हाउस सुरू केलं, म्हणजे गरीब वस्तीतच राहून तिथल्या लोकांसाठी काम करणारी संस्था. भोवती परदेशातून आलेल्या मजुरांची वस्ती. रस्त्यावर मोठमोठ्या लाकडी पेट्यांत कचरा कुजत असायचा आणि पोरं त्याच पेट्यांवर चढून खेळायची. १८९४ च्या उन्हाळ्यात तिथल्या महिला मंडळाने गल्ल्या पालथ्या घातल्या आणि दोन महिन्यांत आरोग्य खात्याकडे हजारावर तक्रारी नेऊन दिल्या. पुढच्या वर्षी ॲडम्सबाईंनी कचरा उचलायचं टेंडरच भरलं! ते बाद झालं, पण गाजावाजा इतका झाला की महापौरांनी त्यांनाच वॉर्डाच्या कचरा निरीक्षक नेमलं. मग रोज सकाळी सहाला बाई कचऱ्याच्या गाड्यांवर नजर ठेवायला हजर.

नेहा : आणि शिकागोच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हतं?

शुभदाताई : नव्हतं ना. शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे, तिथे ते मिळालं १९१३ मध्ये. त्या वॉर्डाच्या नगरसेवकाला, जॉनी पॉवर्सला, पाडायचा हल हाउसने १८९६ आणि १८९८ मध्ये प्रयत्न केला, दोन्ही वेळा तोच निवडून आला. घाण दिसते, काम येतं, पण मत नाही. माझ्या मते मताधिकाराची खरी निकड इथे कळते.

देशपांडे काका : पटलं. पंडिता रमाबाईही १८८६ ते १८८८ तिकडे होत्या. तिथल्या बायकांच्या संस्थांबद्दल त्यांनी मराठीत भरभरून लिहिलंय, तेही घ्या.

नेहा : कृष्णवर्णीय पत्रकार आणि कार्यकर्त्या आयडा वेल्स यांना वगळू नकोस, मावशी. मताधिकारासाठी निघालेल्या १९१३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात कृष्णवर्णीय म्हणून त्यांना मागच्या रांगेत चालायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, मध्येच इलिनॉयच्या बायकांच्या रांगेत शिरल्या. आणि १९२० नंतरही दक्षिणेत बहुतेक कृष्णवर्णीय बायकांना मत देऊच दिलं जात नव्हतं, १९६५ चा मताधिकार कायदा येईपर्यंत.

शुभदाताई : हे हवंच. मग मोर्चाला जास्त वेळ देते, सेनेका फॉल्स दोन वाक्यांत. नेहा, आयडा वेल्सवर तूच बोलशील का?

नेहा : हो, बोलते.