मदत हवी आहे: आत्याला टपालाने पाठवायच्या हस्तलिखित पत्रासाठी कागद, शाई, मांडणी

नमस्कार मंडळी,

माझी आत्या अंबाजोगाईला असते. वय ऐंशीच्या पुढे. मुलगा-सून जवळ आहेत, काळजी घेतात, पण आता तिला ऐकू येणं जवळपास बंद झालंय. कानाचं यंत्र तिला सोसत नाही. फोनवर ती नुसतं "हो गं, हो" म्हणते आणि आपलं काही पोचलेलं नसतं. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो सून दाखवते, ते बघून होतात आणि संपतात. पत्र मात्र ती जपणारी आहे. बाबांनी होस्टेलवरून लिहिलेली आंतर्देशीय पत्रं अजून तिच्या ट्रंकेत आहेत. म्हणून दर महिन्याला तिला एक पत्र लिहायचं ठरवलंय. पाकीट हातात आल्याबरोबर तिला आनंद व्हावा आणि पत्र पुन्हा काढून वाचावंसं वाटावं, एवढीच इच्छा आहे.

इथे नाशिकला कॉलेज रोडवरून हातकागद आणला. फार सुंदर आहे, आत पाकळ्यांचे तुकडे दिसतात. पण शाईच्या पेनने लिहिलं की शाई फुटते. 'क्ष', 'ष्ट', 'द्ध' ही अक्षरं आतून भरून जातात आणि नुसता ठिपका दिसतो. जेल पेन कागदाच्या धाग्यांत अडकतं. मुलगी म्हणते फिकट जांभळी शाई घे, छान दिसेल. मला शंका आहे, कारण आत्याच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय.

अक्षर किती मोठं काढू? ओळी सरळ कशा ठेवायच्या? पाकिटावर लाखेचा शिक्का टिकेल का? वाळवलेली दुर्वा किंवा शेवंतीची पाकळी आत घातली तर चालते का? आणि पावसात पत्ता पुसला जाऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

छापील ग्रीटिंग नको आहे. जे खरंच पत्रं पाठवतात त्यांनी कृपया लिहा.

जुनी_दौत:

ताई, हातकागद टाकून देऊ नका, त्याचं पाकीट करा. शाई फुटते ती कागदाला खळ (पेजेसारखा चिकट लेप) कमी असल्यामुळे. पूर्वी पोथ्यांसाठी कागद खळ लावून शंखाने किंवा गारगोटीने घोटायचे, म्हणून त्यावर बोरू (वेताची लेखणी) सुरेख चालायचा. आज दुकानात मिळणारा बराचसा हातकागद सजावटीसाठी असतो, लिहिण्यासाठी नाही. पत्रासाठी १०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) गुळगुळीत, किंचित पिवळसर कागद घ्या. चकचकीत आर्ट पेपर नको, दिव्याखाली चमकतो आणि म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येत नाही. दुकानात कोपऱ्यावर 'क्ष' लिहून बघू द्या म्हणावं, पोकळी मोकळी राहिली तर कागद चांगला.

शाई काळीच घ्या. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला आकाशी, जांभळ्या छटा मळकट दिसतात. मुलीचा जांभळा रंग किनारीला वापरा, तिचंही मन राहील.

आता ओळींचं. इंग्रजी अक्षर ओळीवर बसतं, आपलं अक्षर ओळीला लटकतं. त्यामुळे आखलेली रेघ ही शिरोरेघ समजायची. वर वेलांटी-मात्रेला आणि खाली उकाराला जागा हवी. आत्याबाईंसाठी अक्षराचं अंग ६ मिलिमीटर धरा आणि दोन रेघांत १५ मिलिमीटर अंतर ठेवा. एका कागदावर स्केचपेनने ठळक काळ्या रेघा मारून तो खाली ठेवा, १०० जीएसएममधून त्या पुसट दिसतात. एकदा केला की वर्षभर पुरतो. या मापाने ए-फोरच्या एका बाजूला पंधरा-सोळाच ओळी बसतील. बसू द्या. दाटीवाटीने लिहिलेलं पत्र कितीही नक्षी काढली तरी देखणं दिसत नाही. डावीकडे तीन बोटं समास सोडा, सगळी सजावट त्या समासात.

कॅलिग्राफी फक्त मायन्यापुरती करा. मजकूर तुमच्या रोजच्याच अक्षरात हवा, आत्याला ते ओळखीचं आहे. मायन्यासाठी तिरक्या कापाचा बोरू किंवा निब घेताना दुकानदाराला 'देवनागरीची' असं स्पष्ट सांगा. इंग्रजी कॅलिग्राफीत जाड-बारीक पडण्याची दिशा आपल्या लिपीच्या उलट असते, त्यामुळे त्या सवयीने पेन धरलं की अक्षर परकं दिसतं.

सिडकोकर:

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून पाकिटाबद्दल लिहितो.

लाखेचा शिक्का बाहेर लावू नका. पत्रांचे गठ्ठे बांधले जातात, पिशव्या एकमेकींवर पडतात, वरून तारखेचा शिक्का ठोकला जातो. लाख तडकते आणि तिचे तुकडे पाकीट फाडतात. हौस असेल तर आतल्या पत्राच्या घडीवर लावा आणि बाहेरून साधं पाकीट घाला. रिबन, मणी, जाड टिकल्या यांचंही तेच.

वजन. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. ए-फोरचा १०० जीएसएमचा एक कागद सव्वासहा ग्रॅम भरतो. दोन कागद साडेबारा, वर पाकिटाचे चार-पाच ग्रॅम, म्हणजे पाचच्या तिकिटात बसतं. तिसरा कागद घातला की दहा लावा. तिकीट कमी पडलं तर पत्र बैरंग होतं आणि घेणाऱ्याकडून कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट घेतात. आत्याबाईंना तो भुर्दंड नको. हातकागदाचं पाकीट जाड असतं, तेव्हा पहिल्या वेळी खिडकीवर वजन करूनच तिकीट लावा.

दुर्वा-पाकळी पाकिटात चालेल, आंतर्देशीयात नाही. त्याच्या आत काहीही ठेवायला परवानगी नसते, तसं त्यावर छापलेलंच असतं.

पत्ता पाकिटाच्या उजव्या अर्ध्या भागात, तिकीट उजवीकडे वर. नक्षी डाव्या बाजूला किंवा पाठीमागे. पाकिटाचा रंग गडद असेल तर पांढऱ्या कागदाची चिठ्ठी चिकटवून त्यावर पत्ता लिहा. पत्ता मराठीत लिहिला तरी पोचतो, पिन कोड मात्र सुटा-सुटा आणि ठळक हवा. पहिले तीन आकडे पत्र योग्य जिल्ह्याच्या छाननीपर्यंत नेतात, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयापर्यंत. १५ ऑगस्ट १९७२ पासूनची ही पद्धत आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतचे मोठे पंडित.

पावसाचा उपाय: पत्ता बॉलपेनने किंवा पर्मनंट मार्करने लिहा आणि वाळल्यावर पांढरी मेणबत्ती हलक्या हाताने घासा. पाणी ओघळून जातं. तिकिटावर मेण किंवा चिकटपट्टी नको, शिक्का नीट उमटला पाहिजे.

जुनी_दौत:

सिडकोकरांच्या मुद्द्याला जोड. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकने पत्ता लिहायचा तर टाकाने (दौतीत बुडवून लिहायच्या पेनाने) लिहा. ती फाउंटन पेनात भरली की आत वाळते आणि पेन कायमचं बंद पडतं.

गंगाघाट:

सजावटीबद्दल थोडं. समासात वारली काढा, सुरगाणा-पेठ आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा ते नाशिकचंच वाटेल. गेरूच्या रंगाची दोन बोटं रुंद पट्टी रंगवायची, पूर्ण वाळू द्यायची आणि पांढऱ्या जेल पेनने त्रिकोण-त्रिकोण जोडून माणसं काढायची. प्रत्येक पत्रात त्या महिन्यातलं काहीतरी घ्या, श्रावणात गंगेला म्हणजे आपल्या गोदावरीला आलेलं पाणी, माघात द्राक्षांचे घड. चित्र घडीवर येऊ देऊ नका, रंग तिथेच उडतो.

दुर्वा जुन्या वर्तमानपत्रात ठेवून वर जाड पुस्तकं ठेवा, आठवडाभरात चपट्या होतात. त्या पत्राला चिकटवू नका, बटर पेपरच्या पुडीत घाला. ओलसर राहिल्या तर पावसाळ्यात बुरशी धरतात.

तिकीटसुद्धा निवडून लावा. मोठ्या टपाल कार्यालयात फिलाटेली काउंटर (तिकीटसंग्राहकांची खिडकी) असतो, तुम्ही जीपीओत विचारा. पाच रुपयांची पक्ष्यांची, फुलांची, देवळांची तिकिटं मिळतात आणि ती नेहमीसारखी वापरता येतात. इथल्या नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये सुमारे शंभर वर्षांपासून तिकिटं छापली जातात, हे आत्याला जरूर लिहा. 'माय स्टॅम्प' योजनेत तुमच्या घरच्यांचा फोटोही तिकिटाशेजारी छापून मिळतो.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रेघांचा कागद केला. ६ मिलिमीटरच्या अक्षरात लिहिलेला एक परिच्छेद सासूबाईंना चष्म्याशिवाय दाखवला, त्यांनी सलग वाचला. फार आनंद झाला.

आता दोन प्रश्न. मायना जुन्या पद्धतीने 'ती. आत्यास शि. सा. न.' असा लिहू की 'प्रिय आत्या'? आणि तिला उत्तर पाठवावंसं वाटलं तर तिच्यासाठी सोपं काय? तिचा हात थोडा थरथरतो.

जुनी_दौत:

'तीर्थरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार' असं पूर्ण लिहा, ठळक, बोरूने. त्या पिढीला पत्र तिथूनच सुरू होतं. वर मधोमध 'श्री', उजवीकडे गाव आणि तारीख. शेवटी एखादी ता. क. राहू द्या, गमतीची बातमी तिथे घाला.

सिडकोकर:

उत्तरासाठी ५० पैशांचं पोस्टकार्ड. तुमचा पत्ता तुम्हीच लिहून प्रत्येक पत्रात एक कोरं कार्ड घाला. मागच्या बाजूला पेन्सिलने चार-पाच रेघा आखून द्या, १५ मिलिमीटरच्याच. जागा थोडी असल्यामुळे लांबलचक लिहायचं दडपण येत नाही, दोन ओळी लिहिल्या तरी कार्ड भरल्यासारखं दिसतं. तेवढं कार्डही लिहवत नसेल तर तिला फक्त सही करू दे, बाकी सूनबाई लिहितील.

कार्ड दोन-तीन ग्रॅम भरतं. दोन कागद, पाकीट आणि कार्ड मिळून अगदी २० च्या काठावर येतं, त्यात तुमचं पाकीट हातकागदाचं. सरळ दहा रुपयांची तिकिटं लावा.