चप्पललाईन, राजारामपुरी, निपाणी आणि वेबसाईट: चौघांचा स्टॉक एका जागी कसा बघायचा?

चप्पललाईनची_सून

नमस्कार मंडळी. आमचा घरचा कोल्हापुरी चपलांचा धंदा आहे. जुनं दुकान कोल्हापुरात चप्पललाईनला, दुसरं तिथंच राजारामपुरीत, तिसरं माझ्या दिरांनी निपाणीला काढलंय. गोडाऊन म्हणजे सुभाषनगरातल्या जुन्या घराची माडी. वेबसाईट वूकॉमर्सवर (ऑनलाईन दुकानाचं सॉफ्टवेअर) आहे, बिलिंग टॅलीत (हिशोबाचं सॉफ्टवेअर) होतं. ऑनलाईनचं सगळं माझ्याकडं असतं. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दाखवली, गदारोळ झाला, आणि तेव्हापासून ऑनलाईनला जे सुरू झालंय ते काही थांबेना. तक्रार नाही, पण स्टॉकची पार दैना झालीय.

होतं काय, की रविवारी देवीच्या दर्शनाला आलेली गर्दी दुकानात असते. त्या गडबडीत कापशी डिझाईनचा ८ नंबरचा शेवटचा जोड काउंटरवरून जातो. पोरगं पावती करतं, टॅलीत आकडा कमी होतो, वेबसाईटवर मात्र जोड तसाच दिसत राहतो. रात्री नागपूरचं कुणीतरी पैसे भरून मोकळं. मग मी राजारामपुरीला फोन, निपाणीला फोन. मामांचं (माझे सासरे) म्हणणं, "फोन करून विचारायला काय जातंय?" त्यांना कुठल्या दुकानात कुठला नंबर आहे हे तोंडपाठ असतं आणि बऱ्याचदा बरोबरही निघतं. पण ते दुपारी जेवून झोपले की आमचा स्टॉकही झोपला.

हिशोब सांगते म्हणजे पसारा कळेल. चालू डिझाईन १२, प्रत्येकी ३ रंग, ६ नंबर. झाले २१६ प्रकार. निपाणी, राजारामपुरी, चप्पललाईन आणि माडी अशा चार जागा धरल्या तर ८६४ आकडे. यातला प्रत्येक आकडा रोज खरा राहायला पाहिजे.

त्यात आमच्या धंद्याची एक खास भानगड. शोकेसमध्ये जोड लावत नाहीत, एकच पाय लावतात. दुसरा पाय आत डब्यात. गर्दीत ८ चा शोकेसमधला पाय ९ च्या डब्यातल्या पायाबरोबर निघून गेला, की सिस्टीमला एक जोड शिल्लक आणि प्रत्यक्षात दोन लंगडे. हे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचं सांगा!

प्रश्न साधा आहे. वूकॉमर्सवरच राहून काही करता येईल का, की सरळ दुसरीकडं जावं? आणि तिन्ही दुकानांचा माल ऑनलाईनला दाखवावा, की नको?

कोडकरी_पुणे

वूकॉमर्सच्या मूळ रचनेत एका प्रकाराला स्टॉकचा एकच आकडा असतो. कुठल्या दुकानात किती, हे त्याला कळत नाही. त्यासाठी वेगळं प्लगिन (वरून जोडायचं सॉफ्टवेअर) लागतं. शॉपिफाय या ऑनलाईन दुकानाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लोकेशनवार (जागेप्रमाणे) स्टॉक आधीपासूनच आहे, झोहोमध्येही आहे. शॉपिफाय घ्या, दुकानात त्यांचंच पीओएस (काउंटरवरचं बिलिंग) लावा, विषय संपला.

चप्पललाईनची_सून

विषय तिथंच सुरू होतो हो. काउंटरवरच्या पोराला दोन ठिकाणी बिल करायला सांगितलं तर तो एका ठिकाणीच करणार. कुठल्या, ते सांगायला नको.

रेडिमेड_राजारामपुरी

वहिनी, मी लहान मुलांच्या कपड्यात आहे. एक दुकान राजारामपुरीत, एक गांधीनगरला, एक इचलकरंजीला, आणि ऑनलाईन. तुमचे ८६४ आकडे वाचून हसू आलं. आमच्याकडं वयाप्रमाणे साईझ, त्यामुळं आमचा पसारा विचारूच नका.

कोडकरी साहेबांनी सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं, ते बरोबर आहे. पण माझं मत विचाराल तर आधी एवढंच ठरवा: माल हातातून सुटला की आकडा कोण कमी करणार? तुमच्याकडं टॅली एक वही आणि वेबसाईट दुसरी वही. दोन वह्यांना दोन मालक असले की भांडण ठरलेलं. त्यातली एक मालक करा, दुसरी नोकर. आम्ही काउंटरचं बिल वेबसाईटला जोडलेल्या पीओएसवर घेतलं. पोरगं स्कॅन करतं, त्या दुकानाचा आकडा तिथल्या तिथं उतरतो. टॅलीत रात्री दिवसाचा गोषवारा जातो, आमचे हिशोबनीस बघतात. उलटंही करता येतं. टॅलीत गोडाऊनवार स्टॉक ठेवायची सोय आहेच, तो कनेक्टरनं (दोन सॉफ्टवेअर जोडणारा प्रोग्राम) वेबसाईटला पाठवायचा. पण कनेक्टर दर थोड्या वेळानं आकडा पाठवतो, आणि तुमचा शेवटचा ८ नंबर नेमका त्या थोड्या वेळातच विकला जाणार.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तिन्ही दुकानांचा माल ऑनलाईनला दाखवायचा का. माझं उत्तर, नको. शॉपिफायला प्रत्येक लोकेशनला एक बटण आहे: इथून ऑनलाईन ऑर्डर पाठवायच्या की नाहीत. बंद केलं की तिथला माल वेबसाईटच्या शिल्लकीत धरला जात नाही, दुकानाच्या बिलिंगला मात्र दिसतो. चप्पललाईनचं बटण बंद ठेवा. जिथं रविवारी उभं राहायला जागा नसते तिथल्या पोराला नागपूरचं पार्सल बांधायला लावू नका. माडी पहिल्या क्रमांकावर ठेवा, राजारामपुरी दुसऱ्या. ऑर्डर आली की सिस्टीम त्याच क्रमानं बघते. नवरात्रात राजारामपुरीचंही बटण बंद करा, दसरा झाला की परत चालू.

शोकेसचा पाय! हे मला आमच्या पुतळ्यांवरच्या कपड्यांवरून कळतं. शॉपिफायला "विकायला उपलब्ध नाही" असा एक कप्पा आहे, त्यात खराब माल, तपासणीतला माल, राखीव माल असे पोटभाग आहेत. शोकेसमध्ये ज्याचा पाय आहे तो जोड राखीवमध्ये टाका. तो दुकानात असतो, मोजला जातो, पण ऑनलाईनला विकला जात नाही. काउंटरवर गिऱ्हाईक त्याच्यावरच अडलं, तर आधी राखीवमधून काढायचा आणि मगच बिल करायचं. सुरुवातीला पोरं कुरकुरतात.

सगळ्यात जास्त माल कुठं हरवतो माहितीये? दुकानात नाही, माडीवर नाही. स्कूटीवर. सकाळी माडीवरून पिशवी भरून पोरगं निघालं. माडीचा आकडा कमी झाला, राजारामपुरीचा अजून वाढलेला नाही, वाटेत कुठंतरी चहा. तेवढ्या वेळात ते दहा जोड कुणाचे? म्हणून इथले दहा वजा, तिथले दहा अधिक, असं हातानं कधीच करायचं नाही. ट्रान्सफरच करायचा. तो "येणारा माल" म्हणून समोरच्या दुकानाला दिसतो, आणि तिथल्या माणसानं मोजून "आला" म्हटल्याशिवाय शिल्लकीत चढत नाही. दहा निघाले आणि नऊ पोचले, तर तो दहावा कुठं अडकला हे त्याच दिवशी विचारता येतं. दिवाळीच्या मोजणीत कळून उपयोग काय?

स्टिकर तळव्याला लावा, स्कॅनर स्वस्तातला चालतो.

चप्पललाईनची_सून

दादा, बाकी सगळं पटलं. स्टिकर मात्र तळव्याला टिकायचं नाही. आमच्या कातड्याला तेल दिलेलं असतं, दोन दिवसांत स्टिकर गळून डब्यात पडतं, मग कुठलं कुठल्या जोडीचं ते शोधत बसा. जोड बांधायचा जो दोरा असतो त्यालाच टॅग अडकवता येईल. आणि शोकेसमधल्या पायाला त्याच नंबरचा दुसरा टॅग, म्हणजे ८ आणि ९ ची लग्नं लागायची थांबतील. हे तुमच्यामुळं सुचलं.

निपाणीबद्दल कुणीच बोललं नाही. तेही राजारामपुरीसारखंच एक लोकेशन म्हणून टाकू ना? माल तसा तिकडूनच जास्त येतो, अथणीचे कारागीर आहेत आमचे. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं २०१९ ला, त्यात आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, बेळगाव धरून. त्यामुळं अथणीचा जोडही कोल्हापुरीच.

हिशोबनीस_इचलकरंजी

थांबा. चप्पल कोल्हापुरी असेल, निपाणी कर्नाटकात आहे.

सॉफ्टवेअरमध्ये लोकेशन म्हणून टाकायला हरकत नाही, पण कायद्यानं ते राजारामपुरीसारखं नाही. चप्पललाईन, राजारामपुरी आणि माडी एकाच जीएसटी नंबरखाली येतात. फक्त तिन्ही जागा नोंदणीत असल्या पाहिजेत. माडीसुद्धा, घर असलं तरी, कारण माल तिथं ठेवता. सुभाषनगरहून राजारामपुरीला माल नेला तर ती विक्री नाही, कर नाही. डिलिव्हरी चलन (माल नेण्याची चिठ्ठी) करून पोराच्या हातात द्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर किमतीचा माल असला तरच ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाईन परवाना). स्कूटीवरच्या पिशवीत तेवढा मावायचा नाही.

निपाणीचा जीएसटी नंबर वेगळा. दुकान तुमच्याच फर्मचं असलं तरी कायद्याच्या नजरेत ती वेगळी व्यक्ती. माडीवरून निपाणीला माल गेला की पैसे घ्या नाहीतर घेऊ नका, टॅक्स इनव्हॉईस करायचं आणि आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लावायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडीला ५ टक्के, त्याच्या वर १८. निपाणीला त्या कराचं पूर्ण क्रेडिट (वजावट) मिळत असेल तर इनव्हॉईसवर जी किंमत टाकाल तीच धरतात, त्यामुळं फार डोकं लावायला नको. ई-वे बिल इथं ५० हजाराच्या वर. आणि ऑनलाईन ऑर्डर निपाणीच्या दुकानातून गेली तर बिल निपाणीच्या नंबरवरून फाडावं लागतं, कोल्हापूरच्या नाही. सॉफ्टवेअर आपणहून हा फरक करेलच असं नाही. आमच्या एका अशिलाकडं दोन राज्यांची बिलं एकाच नंबरवर निघत होती, रिटर्न भरताना कळलं.

म्हणून सध्या निपाणीचं ऑनलाईनचं बटण बंदच ठेवा. तिकडचा माल बघायला दिसू दे, पाठवायला नको. दिरांचं स्वतंत्र फर्म असेल तर प्रश्नच मिटला, तुम्ही त्यांना विकताय. ते आधी घरात विचारून घ्या.

चप्पललाईनची_सून

दिरांचं वेगळंच फर्म आहे, आत्ता जेवताना विचारलं. सुटले.

अजून दोन गोष्टी. एक, परत आलेला माल. हाताचं काम, त्यामुळं एका कारागिराचा ८ आणि दुसऱ्याचा ८ यात अर्ध्या बोटाचा फरक पडतोच. गिऱ्हाईक "बसत नाही" म्हणून परत पाठवतं. कॅश ऑन डिलिव्हरीत तर काहीजण दारच उघडत नाहीत. तो जोड परत आला की लगेच स्टॉकला चढवायचा का? दोन, इन्स्टावरचे मेसेज. "ताई, माझ्यासाठी एक ठेवा, संध्याकाळी पैसे टाकतो." कार्टमध्ये टाकलं की जोड आपोआप अडकतो का?

रेडिमेड_राजारामपुरी

कार्टमध्ये टाकल्यानं काहीही अडकत नाही, दोन्हीकडं. पैसे आधी भरेल त्याचा जोड. वूकॉमर्सला ऑर्डर केली पण पैसे भरले नाहीत, तर स्टॉक किती मिनिटं धरायचा ती सेटिंग आहे, मुळात ६० मिनिटं असतात. इन्स्टावाल्यांसाठी शॉपिफायला ड्राफ्ट ऑर्डर (आपणच बनवलेली कच्ची ऑर्डर) करा, त्यात अमुक वेळेपर्यंत माल राखून ठेव असं सांगता येतं. लिंक त्यांना पाठवा. वेळ संपली, पैसे नाहीत, जोड मोकळा. "ताई ठेवा" म्हणणाऱ्यांपैकी किती जण खरंच भरतात ते महिनाभरात दिसेल, मग तुम्ही आपोआप कडक व्हाल.

परतीचा माल थेट शिल्लकीत चढवू नका. तपासणीच्या कप्प्यात टाका, माडीवर एक वेगळं फडताळ करा. घालून चालून आलेत का, वेणी उसवलीय का, तळ ओला होऊन आलाय का, हे बघूनच चढवा. पावसाळ्यात परत आलेल्या कातडी मालाला बुरशी किती लवकर धरते ते तुम्हाला मी काय सांगणार. आणि अर्ध्या बोटाच्या फरकाचं म्हणाल, तर टॅगवर कारागिराची खूण टाका. कुणाचा ८ लहान बसतो ते दोन महिन्यांत परतीवरूनच कळेल. त्या जोडीच्या फोटोखाली सेंटिमीटरमध्ये लांबी लिहा, परती कमी होतील.

एकदम चारही ठिकाणी चालू करू नका. पावसाळ्यात चपलेला गिऱ्हाईक कमी, तेव्हा माडी मोजा आणि फक्त माडीचाच माल ऑनलाईनला ठेवा. दुकानाच्या सुट्टीला एकेक डिझाईन मोजत गेलात तर दसऱ्याच्या आत राजारामपुरीही जोडून होईल. मोजताना मामांना बरोबर घ्या. जोड कुठल्या खोक्याच्या मागं पडलाय, ते स्कॅनरला कळत नाही.