पोटात बसवलेला स्पायनल पंप: भरताना औषध जास्त शिल्लक निघतंय. मदत हवी आहे

धागाकर्ता
वडिलांना जुनाट पाठदुखीसाठी मणक्यातल्या पाण्यात थेट औषध सोडणारा, प्रोग्रॅम करता येणारा 40 मिलीचा पंप बसवला आहे, सहावं वर्ष चालू. औषध मॉर्फिन, 10 मिग्रॅ प्रति मिली, सोबत थोडं क्लोनिडीन (रक्तदाब कमी करणारं, दुखण्यावरही देतात ते औषध). वेग दिवसाला 0.4 मिली. दर 80 दिवसांनी भरतात, म्हणजे 8 मिली उरायला हवं. मागच्या खेपेला 9 निघालं, या खेपेला 13. दुखणं गेले काही आठवडे पुन्हा वाढलंय. मध्ये गुडघ्याचा एमआरआय झाला होता. अलार्म वाजलेला नाही. डोस 20 टक्के वाढवू असं सांगितलंय. वाढवू द्यावा का, की आधी काही तपासून घ्यायचं?

कणाबाणा
आधी तपासा, डोस नंतर. 32 मिली जायला हवं होतं, गेलं 27. तूट जवळपास 16 टक्के. एखाद्या मिलीचा फरक चालतो, पाच मिलीचा नाही, त्यातही दुखणं वाढलेलं असताना.

एमआरआयवर ढकलून मोकळं होऊ नका. एमआरआयच्या चुंबकात रोटर, म्हणजे औषध पुढे ढकलणारं पंपातलं फिरतं चाक, थांबतो आणि बाहेर आल्यावर आपोआप सुरू होतो, हे खरं. पण 5 मिली म्हणजे साडेबारा दिवसांचं औषध. तेवढा वेळ पंप बंद असता तर त्याची नोंद हवी. प्रोग्रॅमरवर (पंपाशी बाहेरून बोलणारं डॉक्टरांकडचं यंत्र) इव्हेंट लॉग काढायला सांगा, त्यात मोटर कधी थांबली आणि कधी पुन्हा चालू झाली ते तारीख-वेळेसकट दिसतं. बॅटरी किती उरली तेही त्याच वेळी विचारा. सहा वर्षं म्हणजे पंप बदलायची वेळ तशीही जवळ आली.

लॉग स्वच्छ निघाला तर सी-आर्मखाली, म्हणजे चालत्या एक्स-रेखाली, रोटर बघायचा. एक फोटो, मग प्रोग्रॅमरवरून छोटा बोलस (एकदम सोडलेला जादा डोस), मग दुसरा फोटो. रोटरचे हात जितके फिरायला हवेत तितके फिरले नाहीत तर दोष पंपात.

रोटर नीट फिरला तर संशय कॅथेटरवर, म्हणजे पंपापासून मणक्यापर्यंत औषध नेणाऱ्या बारीक नळीवर: दुमडला असेल, जोड सुटला असेल, टोक सरकलं असेल. पंपाच्या बाजूला कॅथेटर ॲक्सेस पोर्ट, म्हणजे थेट त्या नळीत सुई घालायचं तोंड, असतो. त्यातून बारीक सुईने 2-3 मिली मणक्यातलं पाणी सहज ओढता आलं तर मार्ग मोकळा. मगच कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडून टोकापर्यंत बघायचं.

रोखठोक
वरच्या शेवटच्या वाक्यातल्या 'मगच'वर बोट ठेवतो. पाणी ओढता आलं नाही तर त्या पोर्टमधून काहीही आत ढकलायचं नाही. कॅथेटरमध्ये साधारण 0.2 मिली औषध असतं. तुमच्या तीव्रतेला ते 2 मिग्रॅ, म्हणजे अर्ध्या दिवसाचा डोस एका झटक्यात. मणक्यातल्या 1 मिग्रॅ मॉर्फिनची तुलना ढोबळ मानाने तोंडाच्या 300 मिग्रॅशी करतात, यावरून अंदाज घ्या.

डोस आत्ताच वाढवण्यातला धोकाही तोच. आज औषध कमी पोचतंय म्हणून दिवसाच्या 4 मिग्रॅवर 20 टक्के वाढवून 4.8 मिग्रॅ लावलं आणि उद्या दुमड सुटली किंवा नवा पंप बसला, तर पूर्ण 4.8 पोचेल. श्वास मंदावतो तो अशा वेळी. पंप बदलताना आधीचा आकडा जसाच्या तसा नव्या पंपात चढवू देऊ नका. प्रत्यक्षात किती पोचत होतं त्यावरून कमी डोसपासून सुरुवात करायची.

वाचनमात्र
मिश्रणाबद्दल थोडं अवांतर. सिंक्रोमेड नावाच्या पंपांबाबत 2012 मध्ये उत्पादकानेच सूचना काढली होती, की मान्यता नसलेली औषधं आणि मिश्रणं वापरली तर मोटर कायमची बंद पडायचं प्रमाण वाढतं. तुमचा पंप कोणता ते ठाऊक नाही, पण क्लोनिडीन चालतं का हे विचाराच.

त्याहून महत्त्वाचं, क्लोनिडीन अचानक तुटलं की रक्तदाब उसळतो. घरी सकाळ-संध्याकाळ मोजा. जांभया, घाम, नाक गळणं, जुलाब हे मॉर्फिन तुटल्याचं. यातलं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सीत न्या. पंपाचं ओळखपत्र आणि शेवटच्या रिफिलची प्रिंट सोबत ठेवा. तिथल्या डॉक्टरांना त्याशिवाय आत काय आहे तेच कळत नाही.

धागाकर्ता
धन्यवाद. रक्तदाब आजपासून मोजतो. गाठीबद्दल कुठेतरी वाचलं होतं, ती शक्यता आहे का?

कणाबाणा
तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात, सुजेतून झालेली गाठ. कॅथेटरच्या टोकाशी होतो, तीव्र मॉर्फिनमुळे जास्त. त्यात पंपाचा हिशेब बहुधा बरोबर येतो आणि तरी आराम कमी होतो, म्हणून तुमच्याकडे तो पहिला संशयित नाही. पण पायात नवी बधिरता किंवा अशक्तपणा, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखणं, लघवी अडणं, यातलं एक जरी आलं तर त्याच दिवशी कळवा. कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करायचा, तोही टोक ज्या मणक्याशी आहे त्या पातळीचा. नुसता कंबरेचा काढला तर गाठ फिल्मच्या बाहेर राहते. टोक कुठे आहे ते ऑपरेशनच्या नोंदीत असतं.

रोखठोक
आणि इथून पुढे प्रत्येक रिफिलला दोन आकडे स्वतः लिहून घ्या: अपेक्षित शिल्लक आणि निघालेली शिल्लक. कमी निघाली तरी विचारा. त्यात पंप जास्त सोडतोय किंवा मागच्या वेळी औषध पंपाबाहेर कातडीखाली गेलं, या दोन्ही शक्यता येतात. भरल्यावर जागा फुगली, चुरचुरली किंवा वडील पेंगायला लागले तर दवाखाना सोडायचा नाही.