वांद्रे बँडस्टँड की कार्टर रोड? आई-बाबांना पहिल्यांदा समुद्र दाखवायचाय

दारव्ह्याचा_शेतकरी
दारव्हा तालुक्यातून लिहितोय. कापसाची वेचणी उरकली की जानेवारीत आई-बाबांना मुंबईला नेतोय. दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही. धाकट्या बहिणीला वांद्र्याचे कॅफे आणि भिंतींवरची चित्रं पाहायचीत. बडनेऱ्याहून अमरावती एक्सप्रेस, मुक्काम दादरला नातेवाइकांकडे. वांद्र्यासाठी एकच दुपार-संध्याकाळ मिळेल. आईचे गुडघे दुखतात. कसं जमवू?

बडनेऱ्याची_लेक
दादा, दादरहून विरारकडे जाणारी फास्ट लोकल धरा, पुढचंच स्टेशन वांद्रे. पश्चिमेला बाहेर पडा, तिथून मीटरची रिक्षा.

आधी चॅपल रोड आणि रनवार. अरुंद गल्ल्या, लाकडी जिन्यांची जुनी घरं, भिंतींवर मोठाली चित्रं. तिथे लोक राहतात, त्यामुळे बहिणीला फोटो दारांपासून जरा लांबूनच काढायला सांगा. कॅफे महाग आहेत, पण एक कॉफी तिला पिऊ द्या, तेवढ्यासाठी ती येतेय.

सूर्यास्ताला मात्र कार्टर रोडच. सपाट फरसबंदी, बसायला जागा, आईंना एकही पायरी चढावी लागणार नाही. आपल्याकडच्यापेक्षा इथे सूर्य वीसेक मिनिटं उशिरा मावळतो. जानेवारीत सव्वासहा-साडेसहा धरा आणि पाचलाच जाऊन बसा.

आणि जायचा दिवस तिथी पाहून ठरवा, हे फार महत्त्वाचं. अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे संध्याकाळी पाणी पार आत गेलेलं असतं आणि समोर नुसते काळे खडक दिसतात. कोळी लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाचे सहा. सप्तमी ते नवमीतला दिवस धरलात, तर सूर्य मावळताना पाणी भरलेलं असेल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला समुद्र भरलेलाच दिसावा, असं मला मनापासून वाटतं.

वऱ्हाडी_गडी
ताईचं सारं बरोबर हाय, पण बाबाले किल्ला दाखवा भाऊ. बँडस्टँडच्या टोकाले पोर्तुगीजांनी 1640 मधी बांधला. तिथून सी-लिंक अख्खा दिसते. आईले खालीच बसवा, तिथं पायऱ्या हायेत. आन् मोत माऊलीले जाच. टेकडीवरचं माउंट मेरी चर्च, रिक्षा दारापर्यंत जाते. सगळ्या जातिधर्माचे लोक नवस बोलाले येतात. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं विकाले ठेवतात. ज्याचं जे दुखते त्यानं ते वाहायचं. आईच्या गुडघ्यासाठी मेणाचा पाय घ्या, तिले बरं वाटन.

दारव्ह्याचा_शेतकरी
आईला हे वाचून दाखवलं, ती आतापासूनच मेणाच्या पायाचं विचारतेय. दोन शंका: सी-लिंकवरून रिक्षाने जाता येतं का? आणि खाली खडकांवर उतरून पाय भिजवता येतील?

बडनेऱ्याची_लेक
सी-लिंकवर रिक्षा आणि दुचाकी दोन्हींना बंदी आहे, पायीही जाता येत नाही. टॅक्सी करा आणि दादरला परतताना वरळीवरून जा. थोडं लांब पडेल, टोलही लागेल, पण बाबांना दोन्हीकडे पाणी दिसेल.

खडकांवर कुणालाही उतरू देऊ नका, विनंती आहे. वरून कोरडे दिसले तरी विहिरीच्या पायऱ्यांसारखं शेवाळ असतं. शिवाय आपण पुढे पाहत असतो आणि भरतीचं पाणी मागच्या खळग्यांतून शिरून परतीची वाट बंद करतं. बँडस्टँडला माणसं वाहून गेलेली आहेत. पाय भिजवायचे तर दुसऱ्या दिवशी सकाळी जुहूला जा, तिथे वाळू आहे.

दारव्ह्याचा_शेतकरी
मग जुहूही धरतो. भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसलोय, जानेवारीतली अष्टमी पाहून तिकिटं काढतो. चर्च दुपारी उघडं असतं का, तेवढं सांगा ताई.

बडनेऱ्याची_लेक
रविवारच्या गर्दीत मी जात नाही, पण इतर दिवशी दुपारी तीन-चारला मला ते उघडंच मिळालंय. तिथून सुरुवात करा, चॅपल रोड मग वाटेतच येईल.